डॉरथीबाईंचं फ्रेंच

संत्र्यांच्या साली पाण्यात रटरटू लागल्या की पहिल्यांदा येतो तो निव्वळ कडू वास. जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा, काहीसा औषधी, काहीसा ओल्या लाकडासारखा. मग त्यात साखर पडते, पाक हळूहळू दाटू लागतो, आणि तोच कडवटपणा असा काही सुवर्णवर्ण धारण करतो, की कडू आणि गोड ह्या दोन चवी नसून एकाच चवीची दोन वयं आहेत असं वाटू लागावं! दर जानेवारीत मी मार्केट यार्डातून डझन-दोन डझन संत्री आणि चार ईडलिंबं आणते, आणि बिबवेवाडीतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात हा उद्योग मांडून बसते. समोरच्या काकू दारातूनच विचारतात, "अहो, फोडी खायच्या आणि साली टाकायच्या, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

सांगितलं होतं. पण उलटं सांगणारीही एक बाई मला भेटली होती.

ती बाई इंग्रज होती, आणि राहत होती फ्रान्समधल्या एका खेड्यात. ह्याला आता चाळीस वर्षं उलटून गेली. पुण्यात फ्रेंच घेऊन मी नुकतीच एम.ए. झाले होते आणि एका शिष्यवृत्तीवर वर्षभरासाठी दक्षिण फ्रान्समधल्या एका लहानशा शहरातल्या शाळेत, तिथल्या मुलांकडून इंग्रजी बोलवून घेण्यासाठी गेले होते. बिबवेवाडीच्या शेतकऱ्याच्या लेकीनं फ्रेंच मुलांना इंग्रजी शिकवायचं! दैवाला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणेल? शहरात परवडेल अशी खोली मिळेना, तेव्हा मुख्याध्यापकांनी सुचवलं, की जवळच्या खेड्यात एक इंग्रज बाई एकटीच राहते, तिच्या घराची वरची खोली रिकामी आहे. अशा रीतीनं सप्टेंबरच्या अखेरीस एका दगडी घराच्या निळ्या दारासमोर मी माझी बॅग टेकवली.

दार उघडलं ते उंच, हाडकुळ्या, साठी ओलांडलेल्या बाईनं. पायांत चिखलानं माखलेले रबरी बूट, अंगात कोपरावर ठिगळ लावलेला पुरुषी स्वेटर. "मी डॉरथी. मिसेस वगैरे काही म्हणायचं नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. मला ते कसं जमावं? तोंडानं मी डॉरथी म्हणत राहिले. मनात मात्र त्या पहिल्या दिवसापासून अखेरपर्यंत डॉरथीबाईच राहिल्या.

त्यांचे यजमान आर्थर इंग्लंडात शाळेत सुतारकाम शिकवत असत. तरुणपणी कधीतरी सायकलवरून ह्या मुलखातून जाताना त्यांचं मन इथं गुंतलं, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी हे पडकं घर घेऊन स्वतःच्या हातांनी उभं केलं. तिसऱ्या वर्षी ते आजारी पडले आणि गेले. गावाला वाटलं, बाई आता आपल्या देशी जाणार. बाई गेल्या नाहीत. मी गेले तेव्हा त्यांच्या वैधव्याला नऊ वर्षं झाली होती, आणि त्या नऊ वर्षांत त्यांच्या दिवसाला एक रेखीव, जवळजवळ मठवासी शिस्त आली होती. सकाळी पावाची गाडी चौकात भोंगा वाजवी, की बाई वेताची टोपली घेऊन निघत. दुपारी चार वाजता चहा, किटलीला लोकरीचं टोपडं घालून, दूध घालून. त्याची पत्ती इंग्लंडातून बहीण पाठवी. न्याहारीला रेडिओवर लंडनच्या हवामानाचं वृत्त ऐकत, आणि तिकडच्या पावसाची हकीकत कानांत साठवून इकडच्या लख्ख उन्हात कपडे वाळत घालत. आणि जानेवारीत, कडू संत्र्यांचा तो मुरंबा! परक्या भूमीत माणूस आपला देश कशात बांधून नेतो? ध्वजात, की टोपडं घातलेल्या किटलीत?

घरापुढं त्यांनी हिरवळ राखली होती. अवतीभवती सगळे आपापल्या परसात घेवडा, कांद्याची पात, कोबी लावत. बाई गवत वाढवत, आणि वाढलं की कापत. पाववाली मला एकदा म्हणाली, "काय बाई आहे! जे खाता येत नाही ते वाढवते, आणि वाढलं की कापून टाकते." मला हसू आलं. हा शेरा आमच्या पेठांतल्या कुठल्याही ओट्यावर शोभला असता.

आणि त्यांचं फ्रेंच! त्याबद्दल काय सांगू? क्रियापद चालवणं म्हणून काही असतं, हे त्या भाषेत त्यांनी कधी मान्यच केलं नाही. जाणे, येणे, खाणे, झोपणे. सगळी क्रियापदं कोशात असतात तशीच, इस्त्री केल्यासारखी सरळ. लिंगविचार तर दूरच. ज्या इंग्रजीत मेज, खुर्ची, चंद्र, नदी सगळी एकाच माळेचे मणी, त्या इंग्रजीतून आलेल्या बाईंनी पाव 'तो' की 'ती' हे कसं लक्षात ठेवावं? आपल्याला तिसरं नपुंसकलिंगही पाळण्यातच मिळतं, म्हणून आपण सुटलो. पाव बाईंच्या तोंडी बारा वर्षं स्त्रीलिंगीच राहिला. पाववाली रोज दुरुस्त करी, बाई रोज मान लववून आभार मानत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच 'ती पाव'. गावातल्या प्रत्येक कुत्र्याचं नाव त्यांना ठाऊक होतं. "कुत्री व्याकरण बघत नाहीत," त्या म्हणत. हसून म्हणत; पण ते हसू ओठांच्या आतल्या बाजूला फारसं पोचत नसे.

मला ते ओळखता आलं, ह्याला कारण होतं. माझ्या लहानपणी बिबवेवाडी हे गाव होतं, शहराबाहेरचं. आमची वांग्यांची आणि मेथीची रानं होती. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हट्टानं मला शहरातल्या शाळेत घातलं. कसबा पेठेच्या बोळांतून दप्तर सांभाळत मी त्या शाळेत गेले, आणि पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या बाईंनी विचारलेल्या प्रश्नाला उभी राहून म्हणाले, "माज्याकडं हाय." वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि म्हणाल्या, "हाय म्हणजे काय गं? कुठं दुखतंय का?" ते एक वाक्य, बस्स! त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी त्या शाळेत आपणहून तोंड उघडलं नाही. ऐकत राहिले, मनात घोकत राहिले, आणि जेव्हा पुन्हा बोलले तेव्हा माझा 'ण' आणि 'ळ' इतका शुद्ध होता, की पेठेतल्या मुलींनीही वळून पाहावं. घरी आई म्हणाली, "सुमे, तू तर पावन्यांवानी बोलाया लागलीस." पुढं कॉलेजात मी फ्रेंच का घेतलं, असं लोक विचारतात. कारण अगदी साधं आहे. त्या वर्गात पहिल्या दिवशी सगळेच अडाणी होते.

त्या फ्रेंच गावानं मला मात्र चटकन आपलंसं केलं. सुमन हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी मला सिमोन करून टाकलं. क्रियापदं चालवणारी सिमोन! दुकानात, चौकात, बसच्या थांब्यावर लोक थांबून माझ्याशी बोलत; आणि बाजूला टोपली धरून उभ्या असलेल्या डॉरथीबाई, बारा वर्षं त्या गावात राहिलेल्या डॉरथीबाई, आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत राहत. हे न्याय्य होतं का? मला तेव्हा त्याचा थोडा अभिमानच वाटे, हेही सांगून टाकायला हवं.

शेजारच्या घरात ल्यूसियाँ राहत असे. सत्तरीचा, ठेंगणा, रुंद खांद्यांचा, द्राक्षाचे मळे असलेला अविवाहित शेतकरी. त्याचं फ्रेंच आमच्या पाठ्यपुस्तकातलं नव्हतं. कॉलेजात आम्हाला घशातून खरवडायला शिकवलेला 'र' तो आपल्यासारखा जिभेच्या शेंड्यावर नाचवी. शब्दांची टोकं खाई, मधलेच स्वर लांबवी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, दादाच फ्रेंच बोलताहेत! म्हणून त्याचं बोलणं माझ्या आठवणीत नेहमी बिबवेवाडीच्या बोलीतच उतरतं, आणि इथंही मी ते तसंच लिहिणार आहे. हा ल्यूसियाँ माझ्याशी बोले. डॉरथीबाई दिसल्या की टोपीला हात लावून 'बोंजूर' म्हणे आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाई. नऊ वर्षं! "माझं फ्रेंच त्याला सहन होत नसावं," बाई म्हणायच्या. "किंवा मी इंग्रज आहे हेच. आर्थरचा मात्र तो जिवलग होता. दोघं तासन्‌तास मळ्यात काम करायचे, न बोलता."

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी खिडकी उघडली, तर आमच्याच भिंतीला शिडी लावून ल्यूसियाँ उभा! भिंतीवर आर्थरनी लावलेला द्राक्षवेल होता, आणि हा म्हातारा कात्रीनं त्याच्या काड्या छाटत होता. खाली येऊन बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "दर वर्षी येतो. छाटतो आणि जातो. मी कॉफी नेऊन ठेवते. तो पीत नाही."

त्या दिवशी कॉफी मी नेली. शिडीच्या पायथ्याशी उभी राहिले. म्हटलं, "थंड होईल."

"ठिवा तितं."

"बाई म्हणतात, तुम्ही कधीच पीत नाही."

कात्री थांबली. त्यानं ती कमरेला अडकवली. मग शिडीच्या पायऱ्या एकेक करून उतरला. "त्या बाईच्या घरचं मी कोन्त्या तोंडानं पिऊ? आर्थर दवाखान्यात व्हता. तीन आठवडं. माजी द्राक्षं पिकून रानात उभी. म्हनलं, तोडनी उरकतो आन् जातो. तोडनी उरकली, तवा आर्थर बी उरकला व्हता. मातीला गेलो, तर ती बाई समद्यांम्होरं माज्याजवळ आली आन् म्हनली..." आणि त्यानं ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. व्हू लुई आव्हे मांके. "एरवी तिला धड पाव मागाया येत न्हाई. पर त्या दिशी एक अक्षर चुकली न्हाई. खरं व्हतं, म्हून नीट आलं तिला."

मी तिथंच खिळून राहिले. कारण ते वाक्य मला ठाऊक होतं. त्याच्यावर आम्हाला परीक्षेत प्रश्न असे. त्यातलं 'मांके' हे फ्रेंचमधलं एक विलक्षण क्रियापद आहे. आपल्या 'उणे' ह्या शब्दासारखं. आपण म्हणतो, त्यांना तुमची उणीव भासली. आणि आपण म्हणतो, तुम्ही त्यांना उणे पडलात. शब्द एकच, पण एकात विरहाची ओढ आणि दुसऱ्यात दोषारोपाचं बोट! फ्रेंचमध्ये ह्या दोन वाक्यांत एका अक्षराचाही फरक नाही. बोलणारा कुठलं बोलला हे ऐकणाऱ्यानं आपल्या मनातून ठरवायचं. आणि ल्यूसियाँच्या मनात त्या दिवशी काय होतं? तोडणी.

मी धावतच घरात गेले. केवढं मोठं रहस्य उलगडलं, ह्या आनंदात! बाई मुरंब्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. विचारलं, "आर्थरच्या अंत्यविधीच्या दिवशी तुम्ही ल्यूसियाँला काय म्हणाला होतात?" त्यांनी कपाटातून एक वही काढली. वहीत ते वाक्य सुवाच्य अक्षरात होतं. खाली इंग्रजीत अर्थ: त्याला तुझी फार आठवण यायची. "त्या दिवशी सकाळी आरशापुढे उभी राहून वीस वेळा म्हटलं," त्या म्हणाल्या. "माझं आयुष्यातलं एकमेव अचूक फ्रेंच वाक्य."

मग मी त्यांना दुसरा अर्थ सांगितला. सांगत असतानाच माझ्या ध्यानात आलं, की मी काय करून बसले. त्यांचा चेहरा हळूहळू विझत गेला. "म्हणजे नऊ वर्षं तो माणूस..." एवढंच म्हणून त्यांनी वही मिटली.

दुसऱ्या दिवसापासून डॉरथीबाईंनी फ्रेंच बोलणं सोडलं. पाववालीपुढं त्या नुसतं बोट दाखवू लागल्या. 'ती पाव' गेली. पाववालीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "बाईंना बरं नाही का? दुरुस्त करायला काही उरलंच नाही हो." आठवड्यानं त्या मला म्हणाल्या, की बहिणीला पत्र लिहिलं आहे, घर विकून तिकडंच जावं म्हणते. तो अबोला मी ओळखत होते. कधीकाळी मी स्वतः वर्षभर त्याच अबोल्याच्या आत राहिले होते. सत्य सांगितलं की गाठ सुटते, असं आपण किती सहज म्हणतो! पण सत्य ज्याच्या हाती द्यायचं, त्याचा हात ते पेलण्याजोगा आहे की नाही, हे मी पाहिलं होतं का? मला माझी विद्वत्ता तेवढी दिसली होती.

एके दिवशी चहाच्या वेळी त्या आपणहून बोलू लागल्या. "तुला सगळं ठाऊक नाही. आर्थर दवाखान्यात रोज विचारायचा, ल्यूसियाँ आला का? दवाखान्यात फोन होता. त्याचा नंबर माझ्याकडं होता. दोनदा मी फोन लावला. एकदा त्यानं उचललाही. 'अलो? अलो?' म्हणत राहिला. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. समोर माणूस असलं की मी हात हलवते, चित्र काढते. फोनवर माझे हात कोणाला दिसणार? मी फोन ठेवला, आणि आर्थरला सांगितलं, ल्यूसियाँ कामात आहे." त्यांनी किटलीवरचं टोपडं सारखं केलं. "तो उणा पडला नाही. मी पडले. माझ्या लाजेपायी."

तो ठेवून दिलेला फोन! मला वाटलं, त्याचा आवाज मी ह्यापूर्वी ऐकला आहे. शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा कॉलेजनं माझा सत्कार ठेवला होता. पालकांना आमंत्रण होतं. आणि मी घरी येऊन दादांना सांगितलं होतं, की बाहेरच्यांना येऊ देत नाहीत. दादा "बरं बरं" म्हणाले होते आणि विळा घेऊन रानात गेले होते. त्यांना ते खरं वाटलं होतं का? मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नव्हतं.

"तू मला एक पत्र लिहून दे," बाई म्हणाल्या. "तुझ्या सुंदर फ्रेंचमध्ये. सगळं नीट, अचूक. मी ते त्याच्या दारातून आत सरकवीन."

मी कागद घेऊन बसले. अर्धं पान लिहिलंही. काय डौलदार वाक्यं होती ती! मग लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "मी नाही देणार."

"का?"

"तुम्ही एकदा अचूक बोललात. त्याचं काय झालं ते पाहिलंत ना?"

त्यांचा चेहरा लाल झाला. खुर्ची मागे सारून त्या उठल्या आणि दोन दिवस माझ्याशी इंग्रजीतही बोलल्या नाहीत. मला वाटलं, खोली गेली. आता दुसरं घर शोधा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या रबरी बूट चढवून दारात उभ्या राहिल्या. "चल. तू यायचं, पण बोलायचं नाही. एक शब्दही नाही."

ल्यूसियाँ त्याच्या अंगणात छाटलेल्या काड्यांच्या मोळ्या बांधत होता. आम्हाला पाहून तो उभा राहिला, टोपीला हात गेला. डॉरथीबाई त्याच्यासमोर जाऊन थांबल्या आणि त्यांच्या त्या भयानक, ओबडधोबड, विभक्ती-प्रत्यय झडलेल्या फ्रेंचमध्ये बोलू लागल्या. मराठीत ते असं काहीसं होईल:

"आर्थर विचारणे. रोज विचारणे. ल्यूसियाँ कुठे? ल्यूसियाँ कुठे? मी फोन करणे. तू अलो, अलो. मी नाही बोलणे. मी लाज. फ्रेंच वाईट. मी फोन ठेवणे. तू नाही चूक. मी चूक."

मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी होते, की मध्येच एखादं क्रियापद दुरुस्त करायला ते पुढं येऊ नयेत! 'तुम्ही' आणि 'तू' हा भेद बाईंना कधी साधलाच नव्हता. त्या सरळ 'तू' म्हणत होत्या. त्या गावात ल्यूसियाँला अरे-तुरे करणारं आर्थरच्या माघारी कोणी उरलं नव्हतं, हे मला मागाहून कळलं.

त्यानं अर्धवट बांधलेली मोळी खाली ठेवली. मग म्हणाला, "त्यो फोन तुमचा व्हता?" बाईंनी मान हलवली. "मला वाटलं, नंबर चुकला आसंल कुनाचा." हातातली दोरी त्यानं खांद्यावर टाकली, आत जाऊन एक खुर्ची आणली, आपल्या टोपीनं तिची बैठक पुसली, आणि म्हणाला, "बस." बस, बसा नव्हे. "कॉफी पिशील?" डॉरथीबाईंना बिनदुधाची कॉफी मुळीच आवडत नसे. त्या दोन कप प्यायल्या. रडणं-भेटणं असं काही झालं नाही. दोघंही सगळा वेळ कोंबड्यांकडे पाहत बसले होते. मी काड्यांच्या मोळीवर बसून राहिले आणि कोणीही मला काही विचारलं नाही. दुभाषी म्हणून माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा तास असेल.

घर विकलं गेलं नाही. जूनमध्ये मी निघाले तेव्हा ल्यूसियाँ अर्धी हिरवळ खणून तिथं घेवडा लावत होता, आणि बाई उरलेल्या अर्ध्या भागावर कुंपण घालून लढत होत्या. पुढं सात-आठ वर्षं त्यांची पत्रं येत राहिली. त्यांचं फ्रेंच कधीच सुधारलं नाही. उलट ल्यूसियाँच्या भाचीनं एकदा त्यांच्या पत्राखाली मला चार ओळी लिहिल्या, त्यात तक्रार होती: मामा हल्ली आमच्याशीही तसंच बोलतात, जेवणे, झोपणे, दार लावणे! व्याकरणाचा पार सत्यानाश झाला आहे. पुढं त्याच भाचीचं पत्र आलं, ते बाई गेल्याचं. आर्थरच्या शेजारी त्यांना ठेवलं. पाववाली मातीला आली होती, आणि प्रार्थनेनंतर ती हुंदके देत म्हणाली, "'ती पाव' आता कोण मागणार?"

हे सगळं सांगितलं, आणि माझं मात्र सांगायचं राहिलं. परत आल्यावर त्याच वर्षी मला पुण्यात एका कॉलेजात नोकरी लागली. डिसेंबरात स्नेहसंमेलन होतं; नव्या प्राध्यापकांच्या घरच्यांना अगत्याचं बोलावणं होतं. मी दादांना म्हटलं, तुम्ही यायचं. ते म्हणाले, "म्या तितं काय बोलू?" मी म्हटलं, जे बोलायचं ते बोला. धुतलेलं धोतर, पांढरा पटका आणि कोपरीवर कोट घालून दादा आले आणि पहिल्या रांगेत ताठ बसले. कार्यक्रमानंतर प्राचार्य त्यांच्याजवळ आले. अतिशय सौम्य, मृदुभाषी गृहस्थ. "आपल्या कन्येचं फ्रेंच फार अस्खलित आहे. आपणांस अभिमान वाटत असेल."

"वाटतोय की!" दादा म्हणाले, ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. "आमच्यात त्यातलं कुनाला काय बी कळत न्हाई. म्हून तिच्या चुका कुनी काढत न्हाई, ते येक बरं हाय."

प्राचार्य मनापासून हसले. मागच्या रांगेतून आणखी कोणी हसलं. ते हसू निराळं होतं, आणि ते मला नीट ओळखू आलं. माझी लाज त्या फ्रेंच अंगणातच गळून पडली, असं लिहिलं तर वाक्य सुंदर होईल, पण खोटं ठरेल. लाज आली. लहानपणी आली होती तितकीच आली. पण मी तिथून हलले नाही. दादांच्या शेजारी उभी राहून, येईल त्या प्रत्येकाला सांगत राहिले, "हे माझे वडील. आम्ही बिबवेवाडीचे." 'आमी बिबवेवाडीचं हाय' असं म्हणावं असं फार मनात होतं, पण जिभेची सवय मोडली होती, आणि प्रत्येक वेळी ते तेवढं शुद्धच बाहेर पडलं.

परतताना बसमध्ये दादा खिडकीशी बसले होते. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "सुमे, तुजं सायेब लई हळू बोलत्यात. दुखनं-बिखनं हाय का त्यास्नी?"

"न्हाई वो दादा," मी म्हटलं. "तसंच बोलत्यात ते."

"आसं व्हय," दादा म्हणाले. मी काय बोलले, कसं बोलले, हे माझ्या ध्यानात येण्याआधी त्यांच्या आलं असावं. कारण तोंड खिडकीकडे वळवून ते बिबवेवाडी येईपर्यंत एकटेच हसत होते.